रेंज

आमच्या घरात रेंज एकाच जागी येते,
स्वयंपाकघराच्या खिडकीत, वरच्या काचेपाशी,
तीही हात उंच धरला तर
आणि खाडीला भरती असली तर.
(भरतीचं आईला पटत नाही. मी मोजून पाहिलंय.)

म्हणून दर बुधवारी अकराला
मी स्टुलावर चढतो,
एक पाय बटाट्यांच्या पोत्यावर,
आणि मोबाइल धरून खांब होतो.
मागे टेबलाशी रायेन. पुढ्यात टॅबलेट,
तोंडाला वाफेच्या यंत्राचा मुखवटा,
मायक्रोफोन बंद.
यंत्राची घरघर सगळ्यांना ऐकू गेली
तर ती लाजेनं मरूनच जाईल.

"हलू नकोस," एवढंच ती मला सांगते.

त्या बुधवारी डॉक्टर ओर्तेन्सिया बारिया होत्या,
थेट अंटार्क्टिकावरून, तंबूतून.
तंबूचा रंग कोणता, मला विचारू नका.
माझी पाठ होती तिकडे.
माझ्या वाट्याला धुकं, खांबांवर उभी घरं,
शिंपल्यांची एक होडी,
आणि म्हाताऱ्या एलिआसचा कुत्रा,
उलथ्या नावेवर चढून पाण्यावर भुंकणारा.

"हा सगळा पाऊसच," मागून बाई सांगत होत्या,
"फक्त पडला आणि उठून गेला नाही.
आता नळी आणखी खाली जातेय.
दोन हजार वर्षं. तीन हजार."
कुत्रा खाली उतरला.
पुन्हा चढला.

पुंता अरेनासच्या एका मुलानं विचारलं,
तिकडे शू कुठे करता?
सगळे हसले. बाईंनी नीट उत्तर दिलं, बाटलीसकट.
माझा दंड भरून आला होता.
मोहिमांमध्ये ओझी वाहणारे असतात ना,
त्यांना वाटेत काय दिसलं, हे कोणी विचारतं का?

मग बाई म्हणाल्या, आता कोणी बोलू नका.
पेल्यात काहीतरी टाकल्याचा आवाज.
आणि तडतड,
निखाऱ्यांवर मीठ टाकल्यासारखी.
"ही हवा. बर्फात कोंडलेली.
कुणाच्या नाकातून गेली नाही,
केव्हापासून, ते मी आत्ताच मोजू शकत नाही."

कुत्राही गप्प होता, शपथ.

"कुणाकडे जनरेटर चालू आहे का?"
बाई हसल्या. "मला वाटलं, माझाच."

मला कळलं, तो जनरेटर कोणता.
रायेननं मायक्रोफोन उघडला होता.
मुखवट्याचा रबर सुटल्याचा चट् आवाज,
आणि तिचा, आईलाही क्वचित ऐकू येणारा:
"ती हवा घेतली
तर छातीला बरं वाटतं का?"

आणि मी वळलो.

एवढंच केलं मी. वळलो.
हात खाली आला असेल चार बोटं.
टॅबलेटवर बाईंचं तोंड उघडं, तसंच थिजलेलं,
दातांमागे उत्तर.
तंबू नारिंगी होता.

रायेन ओरडली नाही. ओरडायला दम लागतो.
तिनं फक्त मुखवटा परत चढवला
आणि त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली,
बॅटरी संपेपर्यंत.

रात्री ती फ्रीजमधला बर्फ पेल्यात टाकून
कान लावून बसली होती.
"येतोय आवाज?"
"नाही. हा कालचाच आहे."
मी म्हटलं, बाईंना पत्र लिहू.
ती म्हणाली, पत्राला रेंज लागत नाही, बरं आहे,
पण पहिल्या ओळीत काय लिहायचं?
ते अजून ठरलेलं नाही.

पुढच्या बुधवारी कोणीतरी गुहांवर बोलणार होतं.
मी स्टुलावर चढलो, हात वर केला,
आणि नाकासमोर, खिडकीच्या चौकटीला,
दोरीनं बांधलेला आईचा हातातला आरसा.
जरा तिरका. खाली कागदाची घडी सारून
कोन नीट जुळवलेला.

त्यात टॅबलेट होता, बोटभर,
सगळी अक्षरं उलटी,
आणि त्याच्या अलीकडे, वाफेत,
माझ्याकडे न बघणारी रायेन.

"आता तरी हलू नकोस," ती म्हणाली.